परसातली द्राक्षवेल : पहिली दोन वर्षे

द्राक्षवेल मूळची थंड हिवाळ्याच्या प्रदेशातली. तिकडे कडक थंडीत तिची पाने गळतात, काही महिने ती निपचित राहते आणि वसंतात नवी फूट, फुले, फळे असे एकच चक्र वर्षभरात पुरे होते. महाराष्ट्राच्या पठारावर तेवढी थंडी पडत नाही. इथे वेल बारा महिने हिरवी राहते आणि मोकळी सोडली तर वाढतच जाते. चौदाव्या शतकात दौलताबाद पाहिलेल्या इब्न बतूता या मोरोक्कन प्रवाशाने तिथल्या द्राक्षवेलींना वर्षातून दोनदा फळ येत असल्याचे नोंदवले, त्याचे मूळ याच हवामानात आहे. आजचा नाशिक, सांगली, सोलापूर किंवा जुन्नर भागातला बागाईतदार ही दुहेरी वाढ दोन छाटण्यांनी ताब्यात ठेवतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडी तयार होते आणि त्याच काडीच्या डोळ्यांत पुढच्या घडाची घडण होते. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर तो घड बाहेर पडतो. वर्षात छाटण्या दोन, पीक एक.

नव्याने लावलेली वेल मात्र पहिली दोन वर्षे या चक्रात बसत नाही. त्या काळात तिची मुळे, खोड आणि ओलांडे घडायचे असतात. ओलांडा म्हणजे खोडापासून तारेवर आडवी नेलेली जाड फांदी. पुढची दहा-पंधरा वर्षे सगळ्या काड्या याच ओलांड्यांवर येणार असल्यामुळे या दोन वर्षांत राहिलेली कसर नंतर भरून काढणे फार अवघड जाते.

शेतातल्या हजारो वेलींसाठी बसवलेली पद्धत घराच्या परसातल्या दोन-तीन वेलींना कितपत लागू करायची, यावर मात्र एकमत नाही. पुढील संवादात दोन्ही बाजू आहेत. एका बाजूला निफाड तालुक्यात आयुष्यभर द्राक्षबाग केलेले काका, तर दुसऱ्या बाजूला नाशिक शहरात राहणारी, घरामागच्या जागेत तीन वेली लावू पाहणारी त्यांची पुतणी.

जागा

जागेबद्दल दोघांत फारसा वाद नाही. वेलीला दिवसातून किमान सहा-सात तास थेट ऊन लागते. ते पानांना तर हवेच, शिवाय काडीवरच्या डोळ्यांवरही पडावे लागते, कारण सावलीत वाढलेल्या काडीच्या डोळ्यांत घड धरत नाही. भिंतीला चिकटून वेल लावली की एका बाजूने ऊन अडते आणि हवाही खेळत नाही. म्हणून खड्डा भिंतीपासून निदान तीन फूट दूर असावा. जमीन निचऱ्याची हवी. पावसाळ्यात पाणी साचणाऱ्या जागी मुळांचा श्वास कोंडतो. कोकणात आणि मुंबईत हवा सतत दमट असल्याने तिथे वेल जगली तरी रोगांचा ताण मोठा राहतो. पुढचे सर्व विवेचन पठारावरच्या कोरड्या हवेला धरून आहे.

मूळ कोणाचे?

खरा मतभेद इथून सुरू होतो. द्राक्षाची काडी जमिनीत खोचली की तिला स्वतःची मुळे फुटतात. तरीही महाराष्ट्रातल्या बहुतेक नव्या बागा १९९०च्या दशकापासून खुंटरोपावर कलम करून लावल्या जातात. खुंटरोप म्हणजे वेगळ्या, बहुधा अमेरिकेतल्या रानटी जातीचे मूळ. त्यावर हव्या त्या वाणाची काडी बांधतात.

पुतणी : काका, ऑक्टोबरच्या छाटणीत तुमच्या बागेतून पोत्यांनी काड्या निघतात. त्यातल्या चार आणून पिशवीत लावल्या तर जानेवारीपर्यंत रोपं तयार होतील. मग आधी खुंट लावा, सहा महिने थांबा, कलम करा, पुन्हा थांबा, हा खटाटोप तीन वेलींसाठी कशाला? आजोबांच्या वेळी सगळ्या बागा स्वतःच्या मुळावरच होत्या ना?

काका : होत्या, आणि पाणी गोड होतं तोवर छान चालल्या. मग विहिरी आटल्या आणि बोअर घेतल्या. बोअरचं पाणी क्षारांचं. दोन-चार वर्षांत पानांच्या कडा करपायला लागल्या, फूट आखूड पडायला लागली. शेजारच्या खुंटावरच्या बागेला पाणी तेच होतं, पण ती तग धरून राहिली. तू पाणी कुठलं देणार आहेस?

पुतणी : नळाचं. उन्हाळ्यात कमी पडलं तर सोसायटीच्या बोअरचं.

काका : मग आधी त्या बोअरचं पाणी तपासून घे.

काकांच्या या प्रश्नातच निवडीचा निकष आहे. कलमाचा इतिहास युरोपातला आहे. १८६०च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्झेरा या मुळांवर जगणाऱ्या सूक्ष्म किडीने फ्रान्समधल्या द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या. ज्या अमेरिकन जातींनी ही कीड शतकानुशतके सोसली होती, त्यांच्या मुळांवर युरोपीय वाणांची कलमे बांधणे हाच अखेर उपाय ठरला. महाराष्ट्रात खुंटरोप आले ते या किडीसाठी नव्हे. इथली अडचण पाण्याची टंचाई, क्षार, चुनखडीची जमीन आणि मुळांना गाठी आणणारे सूत्रकृमी ही होती. सर्वांत जास्त लागलेला डॉगरिज हा खुंट टेक्सासच्या रानवेलींतून टी. व्ही. मन्सन या द्राक्षतज्ज्ञाने निवडला होता. त्याची मुळे खोल जातात आणि तो ताण व क्षार बऱ्यापैकी सोसतो. पुढे ११० रिचटरसारखे खुंटही वापरात आले. पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात खुंट आणि वाण यांच्या जोड्यांवर सातत्याने काम झाले आहे.

पुतणी : पण डॉगरिजची वाढ फार जोमदार असते ना? परसात पाणी आणि खत हाताशी असतं, माणूस लाडाने दोन्ही जास्तच देतो. नुसता पाला माजला तर घड कुठून येणार?

काका : हे तुझं खरं आहे. माळरानावर, अर्ध्या पाण्यावर डॉगरिजचा जोर उपयोगी पडतो. कसदार काळ्या मातीत, भरपूर पाण्यावर तोच जोर आवरावा लागतो. छाटायचा कंटाळा केलास तर मांडवाखाली अंधार होईल.

वेलीचा जोम आणि फळधारणा यांचे हे नाते परसबागेत फार महत्त्वाचे आहे. दाट पाल्याखाली डोळ्यांना ऊन मिळत नाही आणि पुढच्या हंगामात वेल हिरवीगार पण वांझ निघते. त्यामुळे गोडे पाणी आणि निचऱ्याची, सकस माती असलेल्या परसात स्वमुळावरची वेल ही अडाणी निवड मानण्याचे कारण नाही. पुतणीचा आग्रह तेवढ्यापुरता रास्त आहे. पाण्यात क्षार असतील, जमीन चोपण किंवा चुनखडीची असेल, किंवा त्याच जागी आधी वांगी, टोमॅटो, मिरची घेऊन सूत्रकृमी वाढलेले असतील, तर काकांचे म्हणणे टाळता येत नाही. रोपवाटिकेत तयार कलमी रोपे मिळतात. कलम बांधण्याचे कसब नसलेल्याने ती आणावीत. त्यात खुंट लावून थांबण्याचा काळही वाचतो.

वाणाची निवडही इथेच करावी लागते. थॉम्पसन सीडलेस आणि त्यातून निवडलेले तास-ए-गणेश, सोनाका हे वाण बाजारात लोकप्रिय आहेत, पण त्यांचे मोठे मणी बऱ्याच अंशी जिबरेलिक आम्ल या वाढ-संप्रेरकाच्या वापरामुळे दिसतात. ते न वापरता घरच्या वेलीवर मणी लहान येतील, गोडी मात्र कमी होत नाही. शरद सीडलेस हा काळा बिनबियांचा वाणही घराजवळ लावण्याजोगा आहे. बंगलोर ब्लू बियांचा आणि जाड सालीचा असला तरी करपा रोगाला तो पुष्कळ दाद देत नाही. फवारणी टाळू पाहणाऱ्या घराने त्याचा विचार जरूर करावा.

खड्डा आणि लागवड

काका : डिसेंबरात खड्डा घे. अडीच फूट लांब, तेवढाच रुंद, तेवढाच खोल. वरची माती एका बाजूला टाक, खालची दुसऱ्या बाजूला. महिनाभर ऊन लागू दे.

पुतणी : एवढं खोल कशासाठी? रोपाची मुळं तर वीतभर असतात.

काका : आज वीतभर आहेत. रोप पुढे कुठवर जाईल ते बघून खड्डा खणायचा. बांधकामानंतर घरामागे विटांचे तुकडे, सिमेंटचा गिलावा, मुरूम हेच निघतं. ते काढलं नाही तर मूळ तिथेच अडणार.

शहरातल्या परसाबद्दल काकांचा हा इशारा शेतातल्या अनुभवापेक्षाही जास्त लागू पडतो. बांधकामाचा राडारोडा चुन्याने भरलेला असतो आणि त्यात लोह पानांपर्यंत पोचत नाही. शिरा हिरव्या आणि शिरांमधला पानाचा भाग पिवळा, हे त्याचे लक्षण. खड्डा भरताना वरची सुपीक माती तळाशी घालावी. तिच्यात दोन-तीन घमेली पूर्ण कुजलेले शेणखत, अर्धा किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि किलोभर निंबोळी पेंड मिसळावी. कच्चे शेणखत घालू नये. ते कुजताना उष्णता निघते, हुमणीही वाढते. भरलेला खड्डा एक-दोनदा पाण्याने भिजवून माती बसू द्यावी, नाहीतर लागवडीनंतर रोप खाली खचते.

लागवड जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत, थंडी ओसरताना करावी. त्यानंतर वाढत्या उष्णतेत मुळे झटपट पसरतात आणि पावसाळ्यापूर्वी रोप स्थिर होते. दोन वेलींत परसात सहा ते आठ फूट अंतर पुरते. पिशवी फाडून मातीचा गड्डा न फोडता रोप ठेवावे. कलमी रोपाचा जोड जमिनीच्या बराच वर, शक्यतो फूटभर उंचीवर राहावा. हौशी माणसाच्या हातून इथेच चूक होते. रोप खोल लावून जोड मातीत गेला की जोडाच्या वरच्या काडीला स्वतःची मुळे फुटतात. काही वर्षांत तीच मुळे प्रबळ होतात आणि खुंटासाठी केलेली सारी खटपट वाया जाते. स्वमुळावरच्या रोपाला हे बंधन नाही. ते एखादा डोळा खोल गेले तरी चालते.

कलम

खुंटरोप जागेवर लावून कलम करायचे असेल तर ऑगस्टचा उत्तरार्ध ते सप्टेंबर हा काळ योग्य. हवेत ओलावा असतो, ऊन सौम्य असते आणि खुंटात रस खेळता असतो. खुंटाची काडी पेन्सिलीएवढी जाड आणि पिकायला लागलेली हवी. जमिनीपासून फूट-दीड फुटावर ती सपाट कापून मधोमध चीर देतात. दोन डोळ्यांच्या काडीला खालून दोन्ही बाजूंनी पाचरीसारखा छेद देऊन ती चिरेत बसवतात आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधतात. दोन्ही सालींच्या आतला हिरवा थर निदान एका बाजूने तंतोतंत जुळला पाहिजे. जोड धरणे न धरणे यावरच ठरते.

पुतणी : कलम फुटलं की काळजी मिटली?

काका : तिथून सुरू होते. खुंटाला खालून सारखी फूट येते. ती दर आठवड्याला काढायची. नाही काढली तर सगळा रस तीच ओढते आणि वरचं कलम उपाशी मरतं. जोड भरला की पट्टी वेळेवर काप. तशीच राहिली तर खोड फुगल्यावर ती आत रुतते आणि पुढे वाऱ्यात वेल त्याच जागी मोडते.

पाणी आणि खत

पाण्याबाबत पुतणीचा कल रोज थोडे-थोडे द्यावे असा होता. काकांचे मत उलट होते आणि त्याचे कारण पटण्यासारखे आहे. रोज शिंपडलेले पाणी वरचा चार बोटांचा थरच ओला ठेवते. मुळे तिथेच घोटाळतात आणि एप्रिल-मेच्या उन्हात पहिला मार त्यांनाच बसतो. पहिले दोन-तीन आठवडे हलके, नियमित पाणी ठीक आहे. त्यानंतर एक-दोन दिवस मध्ये सोडून, पण खोल मुरेल इतके पाणी द्यावे. ठिबकची तोटी बुंध्याला चिकटून न ठेवता आधी वीतभर आणि रोप वाढेल तशी दूर सरकवावी. उसाचे पाचट किंवा वाळलेला पाला आच्छादनाला घालावा, मात्र वाळवीची वस्ती असलेल्या जागी तो खोडाला टेकू देऊ नये.

खताबद्दल थोडक्यात सांगता येते. पहिल्या वर्षी वेलीला हवे असते नत्र, तेही चिमटीचिमटीने. महिन्यातून दोनदा वीस-पंचवीस ग्रॅम युरिया पाण्यातून किंवा दोन ओंजळी गांडूळखत पुरे. काडी पिकू लागली की नत्र थांबवावे. उशिरापर्यंत दिलेल्या नत्राने कोवळी फूट येत राहते आणि काडी हिरवीच राहते.

एक खोड

तरुण वेलीच्या संगोपनातले सर्वांत नाजूक काम म्हणजे वळण देणे. परसातल्या वेली बहुतेक इथेच बिघडतात.

पुतणी : रोपाला चार-पाच फुटवे आले आहेत, सगळे चांगले आहेत. सगळेच ठेवले तर मांडव लवकर भरेल.

काका : भरेल, पण काड्यांच्या गुंत्याने. एकच ठेव. सगळ्यांत सरळ आणि जोमाचा असेल तो. दुसरा एक राखीव म्हणून बोटभर वाढू दे, पहिला बांबूला धरला की तोही काढ.

पुतणी : पण पानं कमी झाली तर मुळांना अन्न कोण देणार? हिरवं जितकं जास्त, तितकी मुळं जास्त, असं मी वाचलं आहे.

पुतणीच्या आक्षेपात तथ्य आहे. पाने अन्न बनवतात आणि मुळे त्या अन्नावर वाढतात. म्हणून लागवडीनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत, वेलीला वळण देण्याआधी, दोन-तीन फुटवे मोकळे वाढू देणे मुळांच्या दृष्टीने चांगलेच. खुंटरोपाच्या बाबतीत बागाईतदारही कलमापर्यंत असेच करतात. वाद सुटतो तो टप्पे वेगळे केल्याने. आधी मुळांसाठी मोकळी वाढ, मग खोडासाठी एकच फूट. दोन्ही एकाच वेळी साधू पाहणारा माणूस फसतो.

या दोन टप्प्यांमधला दुवा म्हणजे रिकट. कलम जोमदार वाढल्यावर पुढच्या जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत, थंडी कमी होताना, ते जोडाच्या वर दोन-तीन डोळे ठेवून पुन्हा कापतात. वर्षभर जोपासलेली काडी कापून टाकायला हात धजावत नाही, आणि पुतणीलाही ते आधी क्रूरपणाचे वाटले. पण थंडीत अडखळत वाढलेली काडी कुठे जाड, कुठे बारीक असते. तिचे खोड केले तर पुढची वाढही तशीच वेडीवाकडी होते. रिकटनंतर वर्षभर साठलेली मुळांची सगळी ताकद दोन-तीन डोळ्यांत उतरते आणि उन्हाळ्याच्या उबेत सरळ, एकसारख्या जाडीची फूट निघते. तीच खोड. स्वमुळावरच्या रोपाची पहिल्या वर्षाची वाढ किरकोळ राहिली असेल तर त्यालाही हाच उपाय करावा.

निवडलेली फूट बांबूला सुतळीने वीत-वीत अंतरावर सैल बांधत वर न्यावी. बगलफुटी, म्हणजे पानांच्या बेचक्यातून निघणारे उपफुटवे, एक-दोन पानांवर खुडाव्यात. मुळापासूनच ओरबाडू नयेत, त्यांची एक-दोन पाने खोड जाड व्हायला मदत करतात. परसातला मांडव साडेसहा-सात फूट उंच असावा. त्याखालून माणसाला वावरता येते आणि वेलीखाली हवाही खेळते. फूट तारेच्या वर गेली की तारेखाली चार-सहा बोटांवर शेंडा खुडतात. खालच्या दोन बगलफुटी मग जोर धरतात. एक पूर्वेकडे, एक पश्चिमेकडे अशा विरुद्ध दिशांनी तारेवर नेल्या की दोन ओलांडे सुरू होतात.

ओलांडा : घाई आणि थांबा

पुतणी : दोन्ही ओलांडे एका दमात तारेच्या टोकापर्यंत जाऊ दिले तर काय बिघडतं? महिन्याभरात मांडव झाकला जाईल. उन्हाळ्यात सावली होईल.

काका : एका दमात गेलेल्या ओलांड्याला काड्या फक्त टोकाला येतात. मधे सगळा उघडा दांडा. पुढे दहा वर्षं तिथे फूट आणायची धडपड करत बसशील.

बागाईतदार यासाठी थांबत-थांबत वाढ घेण्याची पद्धत वापरतात आणि तिला ते ‘स्टॉप अँड गो’ असेच म्हणतात. ओलांड्याची फूट नऊ-दहा पानांची झाली की ती सहा-सात पानांवर खुडतात. शेंडा गेल्यामुळे मागच्या प्रत्येक पानाच्या बेचक्यातून बगलफूट निघते, त्याच पुढच्या काड्या. अगदी टोकाची बगलफूट पुढे जाऊ देतात. तिची नऊ-दहा पाने झाली की पुन्हा तेच करतात. असे दोन-तीन टप्प्यांत ओलांडा पुरा होतो आणि बुंध्यापासून टोकापर्यंत काड्या समान अंतरावर मिळतात. याला दीड-दोन महिने जास्त लागतात. परसात पुतणीच्या घाईला दुसरे कारण होते, उन्हाळ्याची सावली. तरीही या टप्प्यावर काकांचे म्हणणे निर्विवाद बरोबर आहे. सावलीसाठी त्या एका उन्हाळ्यापुरता दोडका किंवा गोकर्ण दुसऱ्या बाजूने मांडवावर चढवता येतो. रिकामा राहिलेला ओलांडा मात्र भरून येत नाही. काड्यांची गर्दी झाली तर त्या विरळ कराव्यात. दुपारी मांडवाखाली उभे राहिल्यावर जमिनीवर उन्हाचे कवडसे दिसले पाहिजेत.

रोग आणि फवारणी

पुतणी : घराजवळ विष फवारायचं नाही, हे मी आधीच ठरवलं आहे. लहान मुलं आहेत, खिडक्या आहेत.

काका : न फवारता पावसाळ्यात कोवळी पानं वाचतील असं वाटतं का? केवडा दोन दिवसांत बाग खातो.

पावसाळ्यात नव्या वेलीला खरा धोका केवडा आणि करपा या बुरशीजन्य रोगांचा. केवड्यात पानावर पिवळे, तेलकट डाग येतात आणि त्याच जागी खालच्या बाजूने पांढरी लव दिसते. करप्यात पानाला बारीक काळे ठिपके पडून भोके होतात आणि कोवळ्या काडीवर खोलगट व्रण पडतात. शेंडाच करपला तर खोड किंवा ओलांडा तिथेच थांबतो, म्हणून मोठ्या वेलीपेक्षा लहान वेलीला करपा जास्त महाग पडतो. भुरी ढगाळ, कोरड्या हवेत येते आणि पानांवर राखेसारखी पसरते. तिच्यावर पाण्यात मिसळणारे गंधक चालते, पण कडक उन्हात फवारले तर पाने भाजतात.

केवडा आणि करपा यांवरचा जुना उपाय म्हणजे बोर्डो मिश्रण. फ्रान्समधल्या मेडॉक भागात रस्त्याकडेच्या द्राक्षांना चोरांपासून वाचवण्यासाठी मोरचूद आणि चुना शिंपडत. त्याच वेली केवड्यापासून बचावल्याचे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या १८८२ साली लक्षात आले. १८८५ साली त्याने हा उपाय प्रसिद्ध केला. कोवळ्या वेलीला अर्धा टक्का मिश्रण पुरते. दहा लिटर पाण्याला पन्नास ग्रॅम मोरचूद आणि पन्नास ग्रॅम कळीचा चुना घ्यावा. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत विरघळवावे, मोरचुदाचे पाणी चुन्याच्या निवळीत हळूहळू ओतावे आणि सतत ढवळावे. लोखंडी विळा त्यात बुडवून पाहावा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, आणखी निवळी घालावी. मिश्रण त्याच दिवशी वापरावे.

पुतणीने अखेर हे मान्य केले ते एका अटीवर : आधी फवारणीची गरज कमी करायची. ही अट केवळ भावनेची नाही. रोगाला ओले पान लागते. संध्याकाळी पानांवर पाणी न मारणे, खालची जमिनीला लागणारी पाने काढणे, गळलेली रोगट पाने गोळा करून जाळणे आणि मांडव विरळ ठेवणे एवढ्याने तीन-चार वेलींवरचा रोग पुष्कळ आटोक्यात राहतो. एकरभर बागेत हे हाताने होत नाही, परसात होते. या एका बाबतीत घरची वेल शेतातल्या वेलीपेक्षा खरोखर सुस्थितीत आहे.

किडींपैकी उडद्या भुंगेऱ्यावर लक्ष ठेवावे. रिकटनंतर डोळा फुगू लागला की हा लहान भुंगेरा रात्री तो कुरतडतो आणि दिवसा सुटलेल्या सालीखाली लपतो. नव्या वेलीवर डोळे मोजकेच असल्याने दोन-तीन रात्रींत मोठे नुकसान होते. संध्याकाळनंतर विजेरीने पाहून, खाली साबणाच्या पाण्याची थाळी धरून काडी हलवली की भुंगेरे पाण्यात पडतात. तीन वेलींसाठी एवढा उपाय पुरतो. पिठ्या ढेकूण दिसल्यास मुंग्यांची ये-जा आधी थांबवावी, कारण ढेकणांना वरच्या फुटीपर्यंत नेण्याचे काम मुंग्या करतात.

पहिले घड

रिकटनंतर मार्च ते जुलैमध्ये ओलांडे आणि काड्या तयार झाल्या, पावसाळ्यात काडी पिकून तपकिरी झाली, की त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये पहिली फळछाटणी करता येते. थॉम्पसन गटातल्या वाणांत काडीच्या बुडाचे डोळे सहसा घड देत नाहीत. त्यामुळे काडी फार आखूड छाटू नये, सहा-सात डोळे तरी ठेवावेत.

पुतणी : म्हणजे लावल्यापासून दोन वर्षांनी पहिली द्राक्षं. मग त्या वर्षी आलेले सगळे घड ठेवू. मुलांनी एवढी वाट पाहिली आहे.

काका : शेतात मी पहिल्या वर्षी थोडं पीक घेतो. मांडवाच्या तारा, अँगल, ठिबक यांचं कर्ज डोक्यावर असतं. तुझ्यावर तसलं काही नाही. खोड अंगठ्याएवढं झालं नसेल तर एकही घड ठेवू नकोस.

पुतणी : आणि झालं असेल तर?

काका : जाड काडीवर एक घड, बारीक काडीवर काही नाही. वेलीमागे दहा-बारा पुरे. बाकीचे फुलात येण्याआधीच काढ, मणी भरल्यावर काढलेस तर वेलीची शक्ती गेलेलीच असते.

पुतणीने दहा-बारा घड मान्य केले आणि तिसऱ्या, सर्वांत बारीक वेलीवर एकही न ठेवण्याचे ठरवले. फेब्रुवारी-मार्चमध्ये हे घड उतरले की वेलीला तीन-चार आठवडे हलक्या पाण्यावर विसावा द्यावा. त्यानंतर एप्रिलमध्ये ओलांड्यावरची प्रत्येक काडी एक-दोन डोळे राखून छाटायची. ही या वेलीची पहिली खरड छाटणी. इथून परसातली वेल आणि शेतातली वेल यांचे वेळापत्रक एक होते.